मुदत संपलेली सनद

मी एक जुनी सनद आहे. तुम्ही मला प्रमाणपत्र म्हणाल. लातूरच्या ज्या क्लासच्या भिंतीवर मी होते तिथं मला सर्टिफिकेट म्हणत. पण दस्तगीर घड्याळवाल्यांनी मला पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा ते लेकीला म्हणाले, "कागद नक्को बोल, बेटा. सनद है ये." तेव्हापासून मी स्वतःला सनदच समजते.

माझ्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, एक ओळ आहे. मी फक्त तीन वर्षं खरी आहे, असं त्या ओळीत लिहिलंय. मित्रांनो, त्या ओळीचा मला आजही संताप येतो. मी काय दूध आहे, नासायला? जिचं नाव माझ्यावर आहे तिला जे येत होतं, ते तीन वर्षांनी एका सकाळी उठल्यावर येईनासं होणार होतं का?

तिचं नाव हुस्ना. दस्तगीरमियांची थोरली लेक. गंजगोलाईत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. माझ्या जन्माआधीची गोष्ट मी ह्याच दुकानात ऐकली. दस्तगीरमिया घड्याळाचं झाकण उघडत आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला ती सांगत. मी तिथं भिंतीवर चार महिने होते, तेवढ्यात ती मला पाठ झाली.

त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हुस्ना सतरा वर्षांची होती. इंग्रजी टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. पडलेल्या गावांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायला लातुरात एक तात्पुरतं ऑफिस उघडलं होतं, तिथं तिला काम मिळालं. यादीत नाव निघालं की त्या घराला पत्र्याचं शेड मिळायचं. एक दिवस कॉम्प्युटर बंद पडला. इंजिनिअर हैदराबादहून येणार होता. चार दिवस झाले तरी त्याचा पत्ता नाही.

त्या चार दिवसांत केवळाबाई नावाची एक बाई ऑफिसच्या पायरीवर बसून होती. तिच्या घरातली तिघं वेगळ्या यादीत गेली होती. उरलेल्या यादीत ती एकटी होती, आणि ती यादी बंद डब्यात अडकली होती. चौथ्या दिवशी तिनं हुस्नाला विचारलं, "माय, माझं नाव निघंना का गं? मी बी गेले म्हून लिवलंय का?"

हुस्ना उठली. थेट बापाच्या दुकानात गेली आणि घड्याळाचे बारीक पेचकस घेऊन आली. तिनं तो डबा उघडला. आतली मेमरीची पट्टी उपसली, तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासली आणि पट्टी परत दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. दुपारी केवळाबाईचं नाव कागदावर आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुस्नाला बोलावून घेतलं. शाबासकी द्यायला नाही. "कुणाला विचारून उघडलंस? तुझ्याकडं काही सर्टिफिकेट हाय का?"

 मला विचाराल तर माझा जन्म त्या प्रश्नातून झाला. हैदराबादच्या परीक्षेतून नंतर झाला.

पुढच्या काही वर्षांत लातूरचं नाव पेपरात वेगळ्याच कारणासाठी येऊ लागलं. बोर्डाच्या निकालात लातूरची मुलं पुढं. मग काय, मुखेडचा, अर्धापूरचा, पार परभणी-हिंगोलीचा बाप आपलं पोर आणि त्याची लोखंडी पेटी घेऊन लातूरला उतरायला लागला. गल्लोगल्ली क्लास, खोल्या, खानावळी. विरूपाक्ष सर फिजिक्स शिकवायचे. पत्र्याच्या खोलीत तीस पोरांपासून सुरू झालेले सर चार वर्षांत तीन मजल्यांवर गेले. निकाल छापायला त्यांनी दहा कॉम्प्युटर घेतले. ते एकमेकांना जोडायला कोणी मिळेना. कोणीतरी हुस्नाचं नाव सांगितलं.

तिनं जोडले. वायर कुठून न्यायची, कुठं उंदीर येतो, कुठं पावसाचं पाणी झिरपतं, सगळं तिनंच बघितलं. सर म्हणाले, "हुस्ना, एवढं येतंय तर परीक्षा देऊन टाक. लोकांना कागद लागतो."

एका मोठ्या परदेशी कंपनीची नेटवर्कची परीक्षा होती. जाडजूड पुस्तकाच्या झेरॉक्सवर तिनं आठ महिने अभ्यास केला. दोन हजार साली हैदराबादला जाऊन ती पास झाली. दीड महिन्यानं पुठ्ठ्याच्या पाकिटातून मी पोस्टानं आले. जाड कागद, निळी किनार, खाली गिरगटलेली सही. आणि नावाआधी ठळक अक्षरात छापलेलं: मिस्टर. मिस्टर हुस्ना दस्तगीर.

हुस्नानं एसटीडी बूथवरून हैदराबादला फोन लावला. तिकडून सांगितलं, मूळ प्रत परत पाठवा, दुरुस्त होऊन यायला सहा आठवडे लागतील.

"परत पाठवू? आन तिकडंच हरवली तर?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. मित्रांनो, तुम्हाला कधी काही मिळालं तर आधी त्यावरचं आपलं नाव वाचा, आणि चुकलं असेल तर त्याच दिवशी भांडा. त्या एका 'मिस्टर'नं पुढं आमचा जो छळ केला तो ऐकालच.

क्लासच्या समोर शारिक पठाणचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यानं मला लॅमिनेशन केलं आणि नेमका सहीवर बुडबुडा ठेवला. हुस्ना त्याच्याशी अर्धा तास भांडली. भांडण पुरं झालं नाही म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. बुडबुडा अजून आहे.

दस्तगीरमियांकडचे चार महिने सरल्यावर मला लाकडी चौकट मिळाली आणि मी क्लासच्या दर्शनी भिंतीवर लागले. मग माझे मानाचे दिवस आले. ॲडमिशनला आलेल्या पालकांना विरूपाक्ष सर माझ्यासमोर उभं करत आणि म्हणत, "आमच्या इथलं कॉम्प्युटरचं सगळं काम परदेशी परीक्षा पास झालेल्या बाई बघतात." धोतरातला एखादा बाप मान वर करून माझ्याकडं बघायचा. त्याला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण तो हात जोडायचा. मी फुगून जायचे. ह्या बुडबुड्यासह.

तीन वर्षं झाली आणि कंपनीचं पत्र आलं. माझी मुदत संपली होती. परीक्षा आता नव्या रूपात आली होती, निम्मा अभ्यासक्रम बदलला होता. हुस्नानं पत्र वाचलं आणि शारिकला म्हणाली, "म्हंजे मी केलेली वायर उद्या बंद पडणार का?" वायर बंद पडली नाही. तिनं मात्र पुन्हा पुस्तक उघडलं, पुन्हा हैदराबाद गाठलं, पुन्हा पास झाली. दुसरी सनद आली. चौकट तीच होती. नवी सनद काचेला लागून बसली आणि मी तिच्या मागं गेले.

त्या दिवसापासून मला फक्त ऐकू येत होतं.

दुसरी पाच वर्षांची होती, तीही टिकली नाही. दोन हजार आठ साली कंपनीनं तो अख्खा वर्गच बंद केला. नावं बदलली, पायऱ्या बदलल्या. जुन्यांना एक सवलतीची परीक्षा ठेवली, तीही ठराविक तारखेच्या आत. हुस्ना-शारिकची सुमय्या तेव्हा दोन वर्षांची होती. लेकीला आजोबांच्या दुकानात ठेवून हुस्ना ती परीक्षा देऊन आली. तिसरी सनद आली. दुसरी माझ्या पोटाला चिकटली. चौकटीत आम्ही तिघी इतक्या दाटीनं बसलो की मागचा पुठ्ठा फुगला. तिघींवर 'मिस्टर' होतंच, कारण नोंद एकच. हैदराबादचे सेंटरवाले हुस्नाचं लग्नाआधीचं ओळखपत्र बघून सोडून द्यायचे.

पुढं तिसरीचीही मुदत संपली, पण तेव्हा कोणी विचारलं नाही. बाहेर क्लास वाढत होता. दहाचे चाळीस कॉम्प्युटर झाले, चाळीसचे दीडशे. हुस्नाच्या आवाजावरून मला दिवस कसा गेला ते कळायचं. "वर कोन शिडीवर चढलंय? उतर आधी!" हा आवाज म्हणजे काम चालू. आणि "कुणी बी हात लावू नका, मी बघते," हा आवाज म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय.

दोन हजार सोळा साली विरूपाक्ष सरांचा मुलगा बसवंत पुण्याहून शिकून आला आणि कारभार बघू लागला. मुलांच्या सराव परीक्षा आता कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या. त्यासाठी बाहेरच्या एका कंपनीशी करार झाला. त्यात एक अट होती: नेटवर्क सांभाळणाऱ्याकडं चालू मुदतीचं प्रमाणपत्र हवं.

बसवंत माझ्या चौकटीसमोर उभा राहूनच हे बोलला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. मी वेबसाइटवर बघितलं. ह्या सगळ्या परीक्षा रिटायर झाल्यात. आज ह्याला काही किंमत नाही."

 मग हुस्ना म्हणाली, "बसवंत, तू दहावी पास हायेस का?"

"म्हणजे?"

"दोन हजार सहाला झालास ना? त्याला दहा वर्षं झाली. तुझ्या दहावीची मुदत संपली न्हाई का?"

"मॅडम, नियम मी केलेला नाही."

"हाव. नियम कुणीच केलेला नसतो. सोळा वर्षं झाली, मला अजून एक बी माणूस भेटला न्हाई जो म्हनला, हा नियम माझा हाय."

मी पाठीमागून टाळ्या वाजवल्या असत्या, मला हात असते तर.

पण नियम राहिलाच. हैदराबादहून फरहान नावाचा तिशीतला माणूस आणला गेला. त्याच्याकडं चालू प्रमाणपत्र होतं. हुस्नाला ॲडमिशनच्या खिडकीवर बसवलं. दोन महिन्यांत नवी परीक्षा पास झाली तर जागा परत, नाहीतर खिडकी कायमची. त्या दोन महिन्यांत फरहान दर दुपारी खिडकीपाशी यायचा. "आपा, दुसऱ्या मजल्याची वायर कुठून गेलीय?" "आपा, हा स्विच कशाचा?" चालू प्रमाणपत्र त्याच्याकडं होतं आणि क्लासची वायर हिच्या डोक्यात. माझा नुसता जीव जळायचा. हुस्ना मात्र त्याला सगळं सांगायची. एकदा शारिकनं चिडून विचारलं, "सांगतीस कशाला?" ती म्हणाली, "पोरांची परीक्षा हाय त्याच्यावर. मी रुसले तर त्यांचे मार्क जातील."

नव्या परीक्षेचं सेंटर आता नांदेडला होतं. जुन्या लोकांना एकच पेपर, पण त्यासाठी पहिल्या सनदेवरचा क्रमांक हवा. घरून तिनं नोंदणी करून बघितली. नाव जुळत नाही, असं उत्तर आलं. हेल्पलाइनला फोन केला. मूळ कागद घेऊन सेंटरवर जा, असं सांगितलं. म्हणून तिनं चौकटीच्या मागचे खिळे काढले. तेरा वर्षांनी मी उजेड पाहिला. हुस्नाच्या कपाळाजवळचे केस पांढरे झाले होते. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्लास्टिकच्या फाइलमध्ये आम्ही तिघी तिच्या मांडीवर होतो. एसटी अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचली. सेंटरच्या काउंटरवर पुनम नावाची मुखेडची मुलगी होती. तिनं मला उलटं-सुलटं करून बघितलं, मग आधार कार्ड बघितलं.

"मॅडम, ह्याच्यात मिस्टर हाय."

"चूक त्यांची हाय."

"आडनाव बी न्हाई ह्याच्यात. आधारवर हुस्ना शारिक पठाण हाय."

"मग लग्न केलं ही माझी चूक. पुढं?"

पुनमला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "चूक कुणाची बी असू द्या. नाव जुळंना, सिस्टिम घेईना."

"ताई," हुस्ना म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "सोळा वर्षं मी सिस्टिमच बसवून राहिले. भूकंपातल्या माणसांची नावं चढवली मी. एकाचं नाव चुकलं तर शेड दुसऱ्याला जायचं, म्हून तीन-तीनदा वाचायचे. आन ह्यांना माझं एक नाव धड लिवता येईना?"

 पुनमनं पाण्याचा ग्लास पुढं केला. मग हळू आवाजात म्हणाली, "माझं बी तसंच हाय, मॅडम. अकाउंटचा कोर्स केला मी, एक वर्ष दररोज मुखेडहून येऊन-जाऊन. पास झाले तवर त्यांनी सॉफ्टवेअरच बदललं. आता त्या कागदाला कुणी इचारत न्हाई." थोडं थांबून तिनं संगणकाच्या पडद्याकडं बघितलं. "दोन रस्ते हायेत. नाव दुरुस्तीला टाका, सहा आठवडे. न्हाईतर एकदम नवीन म्हून नोंदणी करा. पण मग जुनं काहीच धरणार न्हाईत. पहिल्या पायरीचा पेपर बी द्यावा लागंल आन हा बी. दोन्ही. आज जागा हाय, मी दोन्ही बसवते."

सहा आठवडे नव्हते. बसवंतची मुदत बारा दिवसांवर आली होती.

हुस्नानं मला हातात घेतलं. निळ्या किनारीवरून तिचा अंगठा फिरला. मला वाटलं, आता ती म्हणेल, नको, मी परत जाते. किती राबली होती ती माझ्यासाठी! सोळा वर्षं, तीन परीक्षा, आणि आता नोंदवहीत लिहिणार की ही बाई आज पहिल्यांदाच आली. मला ओरडावंसं वाटत होतं.

तिनं मला फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "लिवा नवीन."

परीक्षेच्या खोलीत काही नेता येत नव्हतं. आम्हाला लोखंडी कपाटाच्या खणात ठेवलं, कोणाकोणाची घड्याळं आणि फोन होते तिथंच. साडेचार तास. बाहेर पुनमचा आवाज येत होता, "पुढचे... नाव काय?... आधार दाखवा." दर वेळी दार उघडलं की मला वाटे, ती आली.

ती आली तेव्हा तिच्या हातात साध्या कागदावर छापलेलं निकालपत्र होतं. पहिला पेपर उत्तम. दुसरा काठावर. पुनमनं विचारलं, "मॅडम, एवढं सगळं येतंय तुम्हाला, मग दुसऱ्याला इतके कमी?"

"एक प्रश्न होता," हुस्ना म्हणाली, "कनेक्शन गेलं तर आधी काय तपासायचं. मी वीस वर्षं आधी लाइट हाय का बघते. ते उत्तरच नव्हतं." आणि दोघी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी इतक्या हसल्या की हुस्नाला डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी ती बसवंतच्या केबिनमध्ये गेली. विरूपाक्ष सरही तिथं बसले होते, आणि फरहानला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फाइल तिच्या हातात होती, म्हणून हे सगळं मी स्वतः पाहिलं. बसवंतनं निकाल बघितला आणि मोकळेपणानं अभिनंदन केलं. "झालं तर मग, मॅडम. उद्यापासून तुमची जागा तुमची. फरहान तुमच्या हाताखाली राहील."

"झालं न्हाई," हुस्ना उभीच होती. "हे नवं तर दोनच वर्षं चालंल. मग पुन्हा हाच तमाशा. फरहान, तुझं कधी संपतंय?"

"आठ महिन्यांनी, आपा."

"बघा. मी खिडकीवर बसून, गिऱ्हाइकं बघत अभ्यास केला. ह्यानं तसं करू नये. ज्या माणसाकडून तुम्ही नवीन परीक्षा मागाल, त्याला परीक्षेआधी पंधरा दिवस अभ्यासाची सुट्टी द्या, आणि फी क्लासनं भरा. लेखी पाहिजे मला."

बसवंत खुर्चीत मागं टेकला. "मॅडम, कुठल्या क्लासमध्ये असं असतं? मग उद्या ऑफिसातले सगळेच मागतील."

तेव्हा विरूपाक्ष सर बोलले. सहा महिन्यांत ते त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच मुलाच्या मध्ये बोलत होते. "बसवंत, आपण पोरांना वर्षभर शिकवतो आन मग परीक्षा घेतो. हिला दोन महिने खिडकीवर बसवलं आन परीक्षा घेतली. आपला धंदा काय हाय, सांग मला?"

 सरांनी टेबलावरून क्लासचं लेटरहेड ओढलं आणि आपल्या फिजिक्सच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. सही केली. मग तो कागद बसवंतपुढं सरकवला. बसवंतनं तो दोनदा वाचला आणि खाली आपलीही सही केली. त्या कागदावर मुदत कुठंही लिहिलेली नव्हती. मी नीट बघितलं.

आठ महिन्यांनी पहिला अर्ज फरहाननं केला. पंधरा दिवस तो हैदराबादला घरी बसून शिकला आणि पास होऊन आला. नंतर खालच्या मजल्यावरच्या अकाउंटच्या बाईंनी अर्ज केला. हुस्नानं आतापर्यंत दोन वेळा केलाय. सुट्टीचे पंधरा दिवस ती दुपारी शारिकच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसते आणि पुस्तकावर चिडत चिडत वाचते. "हेच मागल्या बारीला उलटं सांगत होते," असं तिचं पुटपुटणं चालू असतं. नव्या परीक्षांची सनद कागदावर येतच नाही, फोनवर येते. सुमय्यानं ती मला एकदा दाखवली. अंगठ्याच्या नखाएवढं चित्र होतं. असल्या सनदेला काय म्हणावं तेच मला कळलं नाही.

मित्रांनो, मी आता लोखंडी कपाटात एका फाइलमध्ये आहे. माझ्या लॅमिनेशनची पिवळी पडलेली कड सुटत चालली आहे, आणि मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. कागद जुना होणारच. काळ बदलतो, यंत्रं बदलतात, परीक्षाही बदलू द्या, त्याला माझी हरकत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की बदलणारे पत्र पाठवतात, तारीख कळवतात आणि मोकळे होतात. उद्या तुमच्यापैकी कोणी ऑफिस चालवेल, क्लास चालवेल, कुठल्या तरी खुर्चीत बसून समोरच्या माणसाला म्हणेल, तुमचं शिकणं जुनं झालं. खुशाल म्हणा. फक्त त्याच दमात त्याला विचारा, नवं शिकायला तुम्हाला किती दिवस देऊ? आणि तेवढे दिवस खरंच द्या.